दादांच्या गाडीची नवी पाटी

परवा दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लाल रंगाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार अंबाजोगाईला आरटीओत नेली. पन्नाशी उलटलेल्या गाडीला आता व्हिंटेजची वेगळी नंबरप्लेट मिळते. फाटकातच ती बंद पडली, पेट्रोलचा उग्र वास सुटला आणि मला माझी पाठवणी आठवली.

केजला मांडवासमोर ती अशीच अडली होती. छत उघडं, स्टिअरिंगवर नवरदेव, शेजारी मी. दादा फेटा सावरत मागून ढकलायला लागले. "व्याहीबुवा, बैल जुंपा की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं वऱ्हाड हसलं. मी मान खाली घातली. "पोरगी लई लाजाळू हाय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मला तर दादांची लाज वाटत होती. ते मागं आहेत, त्यांना माझं तोंड दिसत नाही, एवढाच काय तो दिलासा.

परवा लेकीला स्टिअरिंगवर बसवून मी मागं गेले. वाकून जोर लावला आणि मान वर केली. पुढच्या काचेवरच्या रुंद आरशात दोन्ही सीट दिसत होत्या, लेकीचा चेहरा तर अगदी स्वच्छ. ओठ आवळलेले, कुणी बघतंय का म्हणून डोळे भिरभिरत होते.

तो आरसा तेव्हाही तिथंच होता.