भुंगेऱ्यांचं विरजण

वळसंगला आमच्या शेताला लागून तळं आहे. त्याच्या काठावर गाजर गवत माजलं होतं. उपटायला गेलं की अंगाला खाज सुटायची. ते गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे मी कृषी केंद्रातून बाटलीत भरून आणले. "तुरीवरची कीड येचून आमी मरतो, आन ही परदेशातले किडे घरी आणती," असं सासूबाई शेजारणीला ऐकवत राहिल्या. दुसऱ्या पावसाळ्यात गवताच्या नुसत्या काड्या उरल्या.

मग ती शेजारीणच एकदा दिवेलागणीला भुंगेरे मागायला आली. सासूबाईंनी दारातच सांगितलं, "तिन्हीसांजेला विरजण देतो का आपण? सकाळी ये की." मी चिडले. किडे म्हणजे काय लक्ष्मी आहे, घरातून निघून जायला? सकाळी मात्र सासूबाईंनी स्वतः काठावर जाऊन तिला डबाभर भुंगेरे दिले, विरजणासारखे थोडे मागे ठेवून.

त्याच वर्षी दिरांनी तुरीवर औषध मारलं आणि आमचे भुंगेरेही मेले. पुढच्या पावसात गवत परत उभं राहिलं. सासूबाई लेकीकडे अक्कलकोटला गेलेल्या. मी बाटली घेऊन शेजारणीकडे निघाले. पोचले तेव्हा ती देवापुढं दिवा लावत होती.

मी बाटली पदराखाली घेतली, सहज आले म्हणाले, चहा प्यायले आणि तशीच परत आले.