एकादशीला देव्हाऱ्यात कांदे

कांदेनवमीला मी माझ्याच तोंडाने घात करून घेतला. आमचं घर माळकरी. आषाढातल्या त्या नवमीला घरातला कांदा संपवायचा, मग चार महिने त्याचं नाव नाही. चऱ्होलीत आमच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत, पण परसात दोन वाफे राखून मी सासूबाईंचा गावठी कांदा लावत आले. चपटा, फिकट, नुसत्या वासाने रडवणारा. त्या वर्षी वळवाच्या पावसाने फुलांचे गोंडे झोडपले, बी धरलंच नाही. सगळी भिस्त बियाण्यासाठी आढ्याला टांगलेल्या कांद्यांच्या एका जुडीवर. सुनेने विचारलं, "आई, वरचे पण चिरू?" मी भज्यांचा घाणा काढत होते, खेकसले, "एकदा सांगितलं ना, कांदा शिल्लक दिसता कामा नये." ती बिचारी काय करणार, चिरले तिने.

दुसऱ्या दिवशी रिकामी दोरी दिसली, तेव्हा काय झालं ते कळलं. सुनेला बोल कसा लावू, हुकूम माझाच. दुकानातलं बी ते हे नव्हे, आणि गावात मागू कुणाकडे? मागायला आलेल्यांना मीच वर्षानुवर्षं "यंदा नाही उरलं" म्हणून वाटेला लावलेलं. मग सगळा राग विठ्ठलावर काढला. तुझाच नियम पाळला आणि माझंच वाटोळं केलंस, असं त्याला सुनावलं. चातुर्मासभर हरिपाठ म्हटला, पण मनात अढी धरून. कार्तिक लागला, बियाण्याचे कांदे लावायची वेळ आली, तेव्हा मात्र हरले. "बाबा, माझ्या हातचं सरलं, आता तुझं तू बघ," म्हटलं आणि पोटभर रडून घेतलं.

एकादशीच्या सकाळी दारात एक वयस्कर बाई उभ्या. "जय भीम, ताई," म्हणाल्या. संत तुकाराम नगरहून पिशवी सांभाळत आल्या होत्या. फार वर्षांपूर्वी त्या सासूबाईंकडून कांदे घ्यायच्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना मूठभर बी दिलं होतं. तेव्हापासून दरसाल घरामागच्या डब्यांत त्यांनी तोच कांदा जगवला. आता त्या लेकीकडे, पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर राहायला निघालेल्या.

"तिथं माती न्हाई, ताई. फेकवेना, म्हणून ज्यांचे त्यांना द्यायला आले."

पिशवीत तेच, चपटे, फिकट. पाया पडायला वाकले तर त्यांनी माझे हात धरले. एकादशीला घरात कांदा कसला आणतेस, असं शेजारीण म्हणेपर्यंत मी पिशवी देव्हाऱ्यात विठ्ठलापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. म्हणू दे काय म्हणायचं ते!

फाल्गुनात दोन्ही वाफे पांढऱ्या गोंड्यांनी भरले, मधमाश्यांनी नुसता गजर मांडला. कुणी योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. एवढं कळलं की मी मुठीत धरलेलं माझ्याच हातून गेलं, आणि सासूबाईंनी देऊन टाकलेलं देवाने राखलं. बी झालं तसं मागेल त्याला वाटलं. पहिली पुडी त्या बाईंची. दोन कुंड्यांत परसातली माती भरली, सुनेला सोबत घेतलं आणि पुडीसकट त्या लिफ्टने अकराव्या मजल्यावर, त्यांच्या लेकीकडे नेऊन दिल्या.