एक्केचाळीस कुंड्यांतलं एकच झाड

वनस्पती उद्यानाच्या काचघरात अक्का एकवीस वर्षं राबत होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या आणि पालथ्या बादलीवर मटकन बसल्या.

"अक्का, डीएनएची तपासणी आली. आपली एक्केचाळीस झाडं म्हणजे एकच झाड आहे."

अक्कांना आधी थट्टाच वाटली. जांभळ्या फुलांच्या एक्केचाळीस कुंड्या समोर रांगेत उभ्या होत्या, आणि या जातीची जगात एवढीच झाडं उरली होती. पण बाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"कधीकाळी एकाच झाडाचे फुटवे काढून ही सगळी वाढवलीत. हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. म्हणून दरवर्षी फुलं येतात आणि नुसती गळतात. एखादा रोग आला तर एका झटक्यात सगळी जातील. वेगळ्या वंशाचं एक झाड मिळालं असतं तर... पण ही जात आणखी ज्या एका टेकडीवर होती, ती खाणवाल्यांनी केव्हाच फोडून खाल्ली."

अक्कांनी हातातली झारी खाली ठेवली. ती टेकडी फुटायच्या आदल्या आठवड्यात त्या तिथून एक रोप पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. "परवानगी नाही, नोंद होणार नाही, फेकून दे," असं तेव्हाच्या साहेबांनी ठणकावलं होतं. अक्कांनी मान डोलावली आणि रोप गुपचूप घरी नेलं. सोळा वर्षं ते त्यांच्या गॅलरीत होतं. असलं झाड घरी सापडलं म्हणून एका माळ्याला कायमचं घरी बसवल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. धापा टाकत घरी पोचल्या, तर गॅलरी रिकामी.

"ते होय, आई?" सून म्हणाली. "रंग द्यायचा होता ना, म्हणून काल दुपारी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला दिलं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"कुणाला विचारून दिलंस गं?"

सून चपापली. सासूबाईंचा आवाज असा कधी चढला नव्हता.

चष्मेवाल्याने कुंडी दर्शनी काचेत मांडली होती. उन्हाने दोन पानं करपली होती. एक फूल खाली गळून पडलं होतं, दुसरं नुकतंच उमललं होतं.

"दिलेली वस्तू परत मागतात का, अक्का? चार माणसं थांबून बघतात हो."

"अहो, याच्यासारखं दुसरं कुठे उरलेलं नाही."

तो हसला. मग अक्का करपलेली पानं एकेक चाचपताना त्याने पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. त्याने मुकाट्याने कुंडी खोक्यात ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि उद्यानाच्या फाटकापर्यंत स्वतः उचलून आणून दिली.

काचघरात खोकं उघडून अक्कांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता पांढऱ्याफटक पडल्या.

"सोळा वर्षं, अक्का! मी याच्यासाठी डोंगर पालथे घातले. तुमच्यासमोर बसून रडलेही होते!"

अक्कांनी कुंडी त्यांच्यापुढे सरकवली.

"तपासणीला तीन आठवडे लागतील आणि हे फूल उद्यापर्यंत टिकायचं नाही," बाई दात आवळून म्हणाल्या. "आधी पराग. भांडण मागाहून."

पंखे बंद केले. अक्कांनी बारीक कुंचला घेतला, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि फुलातला चिमूटभर पिवळा पराग टिपला. तो एकोणीस फुलांना पुरला. विसाव्या फुलाशी कुंचला कोरडा होता.

पुढचे तीन आठवडे अक्का रोज काचघर उघडायच्या ते जीव मुठीत धरून. बोंडं धरली, त्यातली आठ गळाली. मग निकाल आला: गॅलरीतलं झाड खरोखरच वेगळ्या वंशाचं होतं. ते कुठून आलं हे आता लपणार नव्हतं, आणि त्याच दिवशी आताच्या साहेबांचं बोलावणंही आलं.

"चूक कबूल आहे?"

"आणलं, ती चूक नव्हती. लपवलं, ते कबूल आहे. बाईंना सांगायला हवं होतं."

अक्कांना उरलेल्या दिवसांसाठी निलंबित केलं. निरोपसमारंभ नाही, काचघरात पाऊलही टाकायचं नाही. एकवीस वर्षांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून त्या बाहेर पडल्या तेव्हा पहारेकऱ्याने नजर चुकवली.

नंतरचे दोन महिने काही कळलं नाही. फोन करायची हिंमत होत नव्हती. मग एका दुपारी दारावर टकटक झाली. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, अजून थोड्या घुश्शातच.

"सत्तावीस उगवलीत. भावंडंच आहेत, पण एकासारखं दुसरं नाही. तपासून घेतलं."

अक्कांनी दाराची चौकट धरली. "पाणी कोण घालतं?"

"मी."

"वरून नका घालू. पानं कुजतात. बशीत घाला, आणि तासाभराने बशी रिकामी करा."

"हे तरी आधी सांगायचंत!" बाई म्हणाल्या, आणि पर्समधून वही काढून तिथे दारातच लिहून घेऊ लागल्या.