कमिशन वजा जाता

गिऱ्हाइकाला दमवणारे दुकानदार मुंबईत पुष्कळ आहेत. पण एक वस्तू विकताना स्वतःला, गिऱ्हाइकाला, बँकेला आणि मध्ये सापडलेल्या नातेवाइकाला एकदमच दमवणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे थोरले साडू. मध्ये सापडलेला नातेवाईक अर्थातच मी.

साडूंना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. सरकारी कचेरीतली नोकरी त्यांनी पोटासाठी केली आणि रविवार जगण्यासाठी ठेवले. रविवारी भंगारवाल्यांकडून मेलेले व्हॉल्व्हचे रेडिओ आणायचे आणि त्यांना बोलतं करायचं. कपाटावर रेडिओ, पलंगाखाली रेडिओ, देवघरात देवांना सरकवून एक रेडिओ. मग मुलुंडची त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली, आणि नवी इमारत होईपर्यंत बोरीवलीला भाड्याच्या एका खोलीत राहायचं ठरलं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शांतपणे म्हणाल्या, "तिथे एकतर मी मावेन, नाहीतर हे रेडिओ." भाऊ विचारात पडले. तो विचार जरा लांबतोय असं बघून ताईंनी मला अंधेरीहून बोलावून घेतलं आणि ऑनलाइन लिलावाच्या साइटवर भाऊंचं खातं उघडायला लावलं. माझी सुटी तिथे संपली.

भाऊंनी आधी साइटचे नियम वाचले. सगळे. मी डुलक्या घेत होतो आणि ते मला मधूनमधून हलवून जागं करत होते. वस्तू मांडायची फी वेगळी, विकली गेल्यावर किमतीवर कमिशन वेगळं, पैसे वळते करणाऱ्या कंपनीचा आकार वेगळा, आणि या सगळ्यावर जीएसटी. "आणि हे बघ," भाऊ म्हणाले, "अमुक किमतीखाली विकणार नाही असं ठरवायचं, तर त्याचीही फी! अरे, म्हणजे नाही म्हणायचे पण पैसे?" मग त्यांनी सगळ्या फिया मिळवून मूळ बोलीच इतकी चढी लावली की आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मांडायची फी गेली. घाबरून बोली इतकी खाली आणली की पहिला रेडिओ डोसा-कॉफीच्या भावात गेला. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

पैसे घेण्याच्या पद्धतींवर तर त्यांचा एकजात अविश्वास. कार्डाने दिलेले पैसे गिऱ्हाईक नंतर तक्रार करून परत ओढतं, चेक वटत नाही, पार्सल पोचल्यावर रोख घ्यायची तर कुरियरवाल्याचा भरवसा काय? यूपीआयबद्दल म्हणायचे, "टिंग वाजलं म्हणजे पैसे आले असं समजायचं का? टिंग माझा रेडिओ पण करतो." शेवटी त्यांनी प्रत्येक रेडिओखाली सूचना लिहिली: 'यूपीआय चालेल, परंतु पाठवण्यापूर्वी फोन करावा व सावकाश बोलावे.' नंबर माझा दिला होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला परगावचे लोक सावकाश बोलू लागले.

असा हा कमिशनच्या नावाने सकाळ-संध्याकाळ बोटं मोडणारा माणूस. एकदा एका गिऱ्हाइकाने सुचवलं, साइटवरचा सौदा सोडा, थेट पैसे पाठवतो, कमिशन वाचेल. मला वाटलं, सुटलो. भाऊ ताडकन म्हणाले, "साहेब, तुम्हाला मी कुठे सापडलो? साइटवरच ना? मग तिचं बुडवायचं नाही." फोन ठेवला आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "काय लुटतात रे हे लोक!"

खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींची गोष्ट यातूनच घडली. त्यांच्या सुनेने त्यांच्यासाठी बोली लावली आणि एक मोठा, स्टेशन लागलं की उजळणाऱ्या हिरव्या डोळ्याचा रेडिओ त्यांना मिळाला. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मावशींना पैसे भरता येईनात आणि मुदत तर संपत आलेली. त्यांनी फोन केला, "दादा, रोकडे देते. घेऊन ये. त्या फोनमधलं मला कळत नाय." आम्ही रेडिओ मांडीवर घेऊन रिक्षाने गेलो. मावशींनी डब्यातून नोटा काढून दिल्या.

"भाऊ," मी हात जोडले, "पैसे मिळाले. आता सौदा रद्द करा आणि चला."

"रद्द केला तर यांच्या नावावर बोली मोडल्याचा शेरा बसेल. पुन्हा बोली लावू देणार नाहीत."

मावशी हसल्या. "मला कशाला पुन्हा लावायचीय?"

"ते तुम्ही ठरवा. साइटने कशाला ठरवायचं?"

आणि ज्या कार्डाला त्यांनी आजवर हवा लागू दिली नव्हती, ते कार्ड काढून भाऊंनी मावशींच्या फोनवरून, त्यांच्या नावाने, स्वतःच्याच रेडिओची किंमत भरली. पुढे ती कमिशन वजा जाता त्यांच्याच खात्यात परत आली. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात, भाऊंनी आल्या आल्या प्लगला लावलेला रेडिओ तापला आणि खरखरू लागला. मावशी म्हणाल्या, "आमचे हे होडी काढायच्या आधी हवामान ऐकायचे. असाच होता. ते गेले, मग तोपण बंद पडला." थोड्या वेळाने कुठलंसं स्टेशन लागलं, बाई बातम्या देत होती. मावशी ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "आवाज मोठा कुठून करायचा?" भाऊंनी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. निघताना मावशींनी सुक्या बोंबलांची पुडी दिली. जन्मात अंडं न खाल्लेल्या भाऊंनी ती मुलुंडपर्यंत मांडीवर धरली. म्हणाले, "नको म्हटलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं?"

हळूहळू सगळे रेडिओ गेले, मुलुंडची जुनी इमारतही पाडली गेली. गेल्या रविवारी बोरीवलीला त्यांच्याकडे गेलो. ताई देवळात गेल्या होत्या. भाऊंनी चहा केला, साखर विसरले. कुणाबद्दल तक्रार नाही, काही नाही. मी विचारलं, "करमतं का इथे?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बस ना जरा. घाई आहे का तुला?"

मला घाई होती. पण ताई परत येईपर्यंत मी बसलो.