ओली जमीन, कोरडं चाक

सासरच्या गाडीला मी म्हैस म्हणायची. मोठ्याने नाही, नणंदेच्या कानात. ती माझ्याच वयाची, तोंडात पदर कोंबून हसायची.

माझं माहेर शहाडचं. वडील बैलगाडी हाकायचे, कल्याणच्या बाजारात लोकांचा माल पोचवायचे. त्यांच्या चाकांवरची लोखंडी धाव दोन बोटं रुंद. खडीच्या रस्त्यावर ती नुसती गात सुटायची. सासरच्या गाडीची धाव चांगली चार बोटं. गाडी निघाली की सगळ्या गावाला कळे. पंधरा वर्षांची मी. चूल धड पेटवता येत नव्हती, पण धावेबद्दल मत मात्र पक्कं.

एकदा सासऱ्यांपुढे बोलून गेले, "मामा, बाबांसारखी बारीक धाव घाला ना. गाडी हलकी जाईल."

सासूने आत भांडं आपटलं. सासरे हसले. म्हणाले, "तुझ्या बापाचा रस्ता दगडाचा. आपली वाट मिठागराची. इथे बारीक धाव सुरीसारखी चिखलात शिरेल. मग तू उतरून ढकलशील काय गो?"

आमचं गाव डोंबिवलीच्या बाजूला, खाडीला चिकटून. खारी जमीन, थोडं भात, बाकी मीठ. बोलणं बरोबरच होतं त्यांचं. पण बरोबर बोलणारी माणसं त्या वयात फार कंटाळवाणी वाटतात.

धाव बसवायची म्हणजे लोहार शेणींची गोल भट्टी रचायचा, कडं लालबुंद करायचा आणि चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर चढवायचा. लगेच आम्ही बायकांनी घागरी ओतायच्या. लोखंड आवळलं की चाकाचे आरे करकरत घट्ट बसायचे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा काळजी नाही. पण फाल्गुनापासून लाकूड सुकतं, आत ओढलं जातं, आणि धाव सैल पडते. म्हणून उन्हाळाभर रोज संध्याकाळी चाकांना पाणी पाजायचं. हे काम घरातल्या धाकट्या सुनेचं. पाणी गोडंच हवं. खाडीचं पाणी लोखंड खातं. गोड विहीर गावाबाहेर, टेकाडापलीकडे. एका चाकाला तीन घागरी, म्हणजे सहा खेपा.

सासू चाकाला कधी हात लावून बघायची नाही. ती खालची जमीन बघायची. जमीन ओली, म्हणजे सून कामाची. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. एका घागरीतलं निम्मं पाणी चाकाखाली शिंपडायचं, बाकीचं माठात. उरलेल्या वेळात विहिरीजवळ नणंदेबरोबर सागरगोटे. चैत्र संपेपर्यंत मी सागरगोट्यांत अशी तरबेज झाले की गावातली एकही मुलगी मला हरवू शकत नव्हती. शहाणपणाचं असं पीक मी त्या उन्हाळ्यात काढलं.

वैशाखात एका सकाळी शहाडहून चुलते चालत आले. वडिलांना आठ दिवस ताप होता. वैद्याने हात टेकले होते. चुलते पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "पोरीला बघायचं म्हणतात. आज घेऊन या."

आगगाडी आमच्या गावाजवळून शिट्टी फुंकत जायची, पण डोंबिवलीला थांबायची नाही तेव्हा. सासऱ्यांनी बैल जुंपायला घेतले. जोत बांधता बांधता विचारलं, "सूनबाई, चाकांना पाणी आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

गाडीत बसल्यावर कळलं की हे खोटं आता माझ्याबरोबरच प्रवास करणार आहे.

वडील कधीही गाडी काढण्याआधी धावेवर दगडाने ठोकायचे. लहानपणी माझा कान चाकाजवळ धरायचे. खणकन वाजली तर निघायचं, थप्प वाजली तर नाही. शहाडच्या आमच्या गल्लीत हे मला मुलग्यांपेक्षा चांगलं यायचं. आणि आता त्याच कानांना गाव सोडल्यापासून उजवं चाक ऐकू येत होतं. आधी हळूच टकटक. मग प्रत्येक फेऱ्याला एक थप्प. सासरे बैलांशी बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. सांगितलं असतं तर पहिल्या तळ्यावर चाक काढून भिजवता आलं असतं, पाचरी ठोकता आल्या असत्या. पण सांगायचं म्हणजे सागरगोट्यांपासून सगळं सांगायचं. मी पदर चावत बसले आणि मनात म्हणत राहिले, एवढ्या वाटेला टिकेल.

ठाकुर्ली मागे पडली आणि खडकाळ उतारावर धाव निघाली. नुसती निघाली नाही, गाडीच्या पुढे गडगडत गेली आणि बाभळीला टेकून उभी राहिली. चाक आरे फाकून बसलं. चुलते गाडीवरून पडले, त्यांचा गुडघा सुजला.

मी म्हटलं, "मामा, मी चालत जाते."

"एकटी? या उन्हात?" ते म्हणाले. "चुलत्याला चालवत नाही. बैल टाकून मी कसा येऊ? थांब जरा."

जवळ म्हशींचं डबकं होतं. सासऱ्यांनी चाक काढून त्यात बुडवलं. बुडवण्याआधी त्यांनी लाकडावरून अंगठा फिरवला. भुकटी निघाली. उन्हाळाभर पाणी प्यालेल्या चाकातून भुकटी निघत नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चाक डबक्यात लोटलं.

तीन तास आम्ही लाकूड फुगायची वाट बघितली. मी डबक्याच्या काठावर बसून ओंजळीने चाकावर पाणी घालत होते. सासू बघायला नव्हती तेव्हा, आणि जमीन ओली दिसावी म्हणूनही नव्हे.

शहाडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बायका होत्या, पुरुष नदीवरून परतत होते. डोकी ओली होती त्यांची.

आईने मला जवळ घेतलं. रडणं तिचं आधीच होऊन गेलं होतं. म्हणाली, "दुपारपर्यंत शुद्ध होती. रस्त्यावरून गाडी गेली की कान द्यायचे. म्हणायचे, ही नव्हे, हिची धाव बारीक आहे. माझ्या पोरीची गाडी जाड वाजते."

ज्या गाडीला मी म्हैस म्हणत होते तिचा आवाज ते दुपारपर्यंत शोधत होते.

वडिलांचे दिवस झाल्यावर मी सासरी परतले. सासू लोहाराला घालून पाडून बोलू लागली. धाव नीट बसवली नाही म्हणाली, पुढच्या वेळी दुसरा लोहार बघायचा म्हणाली. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. सासरे म्हणाले, "लोहाराकडे बोट नको. निघताना मी ठोकून बघितलं नाही. चूक माझी."

त्या संध्याकाळी त्यांनी घागर उचलली. गावात पुरुष डोक्यावर पाणी आणत नसत. विहिरीवरच्या बायका हसल्या. मी धावत जाऊन घागरीला हात घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू दमतेस."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. खरंच मायेने म्हणाले.

पुढे अकरा उन्हाळे ते जगले. अकराही उन्हाळे चाकांना पाणी त्यांनीच पाजलं, आणि चाकांना पाणी आहे ना, असं मला पुन्हा कधी विचारलं नाही. म्हातारपणी नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवली, तेव्हा कुठे हे लिहिता आलं. तोंडाने मात्र मी ते कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. ते विहिरीवरून यायचे तेव्हा मी दारात उभी राहायची. घागर उतरवायला हात पुढे करायची. तेवढं ते करू द्यायचे.