बॅट आहे, बॉल नाही

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि डाग पडला माझ्या सोफ्यावर. ठेवलात? हं. तर ऐका माझी फजिती. अहो, डास मारतानाही दोनदा विचार करणारा मी, मला अख्खी सोसायटी गुंड समजत होती. आणि मला पत्ताच नाही!

मी मूळचा मिरजेचा, आता चंदीगडजवळ झिरकपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नोकरी मोहालीत सेक्टर ६७ला, औषधांच्या संशोधनाची. लोक डॉक्टर म्हणतात, पण दिवसभर उंदरांच्या संगतीत. उंदीर मला चावला तरी सॉरी मीच म्हणतो. वजन चोपन्न किलो, तेही चष्म्यासकट.

व्यसन एकच. बेसबॉल!

हसू नका. पंधरा वर्षांपूर्वी कामासाठी दोन वर्षं अमेरिकेत होतो, तिथल्या एका टीमच्या प्रेमात पडलो. टीमचं नाव सांगणार नाही, आधीच बिचाऱ्यांचं बरं चाललेलं नाही. पंधरा वर्षांत त्यांनी मला काय दिलं? अ‍ॅसिडिटी! पण एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू झाला की माझं आपलं ठरलेलं, यंदा नक्की. आमची अश्विनी गुढी उतरवता उतरवता म्हणते, "झालं का सुरू तुमचं यंदा नक्की? साखरेची गाठी खा आणि गप्प बसा."

खरं दुःख हरण्याचं नाही हो. बोलायला कुणी नाही, हे दुःख. हरलेल्या मॅचवर रडायला तरी जोडीला एक माणूस लागतो ना? इथे बेसबॉल म्हटलं की लोक विषय बदलतात. का बदलतात, ते पुढे कळेल.

तर यंदा ठरवलं, नुसतं हात चोळत मॅच बघायची नाही. हातात बॅट घेऊन बघायची! गेलो चंदीगडला, खेळाच्या सामानाच्या दुकानात. बेसबॉलची बॅट मागितली. दुकानदाराने चेहरा न हलवता विचारलं, "सीट के नीचे रखना है या डिक्की में?"

गिऱ्हाइकाची केवढी काळजी! मी म्हटलं, "नहीं नहीं, हाथ में ही रखूँगा."

तो जरासा मागे सरकला.

"और बॉल?" मी विचारलं.

"बॉल का क्या करना है जी? बॉल तो हम रखते ही नहीं."

"अच्छा, फिर दस्ताने?"

त्याने मला चष्म्यापासून चपलेपर्यंत नीट पाहून घेतलं. "दस्ताने भी! सर जी, आप तो पुराने खिलाड़ी लगते हो."

"पंद्रह साल हो गए," मी छाती काढून सांगितलं.

हातमोजे त्याच्याकडे नव्हतेच, पण त्याने न मागता सूट दिली आणि दारापर्यंत सोडायला आला. आता दुकानात बॅटा पंचवीस आणि बॉल एकही नाही, ह्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. पण मी पडलो शास्त्रज्ञ.

आमच्या टीमच्या मॅच आपल्याकडे सकाळी साडेसात-पावणेआठला सुरू होतात. पहिल्या दिवशी बॅट मांडीवर घेऊन बसलो. जिंकलो! दुसऱ्या दिवशी मध्येच पोह्यांसाठी बॅट खाली ठेवली, तर समोरच्यांनी पटापट तीन रन काढले. पोहे टाकून बॅट उचलली. जिंकलो!

आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय? आमच्या मिरजेच्या घरी एकदा क्रिकेटची मॅच चालू असताना आत्या पळी घेऊन दारात आली आणि त्याच क्षणी सिक्सर बसला. झालं! मॅच संपेपर्यंत आत्याला तिथून हलू दिलं नव्हतं. आमटी करपली, पण मॅच जिंकलो. असल्या घरात वाढलेला माणूस मी. ठरलं, मॅच चालू असेतो बॅट हातातून सोडायची नाही.

पण सव्वाआठला ऑफिसला निघावं लागतं. मग बॅटही निघाली.

आमच्या पार्किंगच्या जागेत गेले आठ महिने गिल अंकलची पांढरी जीप उभी असायची. गिल अंकल म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, सहा फुटी, पांढऱ्या दाढीचे, रिटायर्ड. ते स्वतःची जागा पाहुण्यांसाठी मोकळी ठेवायचे आणि जीप माझ्या जागेत. मी तीनदा सांगायला गेलो होतो. तिन्ही वेळा लस्सी पिऊन आणि थँक्यू म्हणून परत आलो. माझी गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर, धुळीत.

तर त्या तिसऱ्या दिवशी मी खाली आलो. कानात मॅच, खांद्यावर बॅट. नेमके आमचे दोन गडी बाद झाले. त्या जीपशेजारीच थबकलो, दोन-तीनदा हवेत बॅट फिरवली आणि दात खाऊन जोरात म्हणालो, "आज छोड़ना नहीं है!" वर बाल्कनीत अंकल चहा पीत होते. मी हसून हात केला. बॅटवाला हात.

दुसऱ्या दिवशी जागा मोकळी! धुऊन पुसून लख्ख!

मला वाटलं, ग्रह फिरले. टीम जिंकतेय ना! आणि मग काय एकेक चमत्कार! गळका नळ दुरुस्त करायला दोन महिने न आलेला प्लंबर सकाळी आठला दारात. सोसायटीचे सेक्रेटरी बन्सलजी लिफ्टमधून उतरून म्हणाले, "आप जाइए डॉक्टर साब, हम सीढ़ी से आ जाएँगे." झिरकपूरच्या चौकात, जिथे अँब्युलन्सलाही कुणी विचारत नाही, तिथे मी सिग्नलला टेन्शनमध्ये बॅट मांडीवर घेतली तर शेजारचा एसयूव्हीवाला चक्क मागे सरला आणि हातानेच म्हणाला, जाओ जी, जाओ!

पाच मॅच, पाच विजय. मी अश्विनीला म्हटलं, "बघ, माणूस आनंदी असला की जग कसं प्रेमाने वागतं."

दहा वर्षांची आमची ईरा, तिला मराठी कळतं पण उत्तर हिंदीतच. ती म्हणाली, "पापा, आप थोड़े डॉन जैसे लग रहे हो."

मला केवढा आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी डॉन म्हणत होतं.

शनिवारी दारावर नोटीस. रविवारी सकाळी दहाला सोसायटीची खास सभा, विषय: फ्लॅट ४०३. म्हणजे आम्ही!

"मला कमिटीवर घेतायत," मी म्हणालो.

अश्विनीचा चेहरा उतरला. "भाडेकरूला कोण कमिटीवर घेतं? बन्सलजींनी घरमालकालाही फोन केलाय म्हणे. अहो, काही केलंत का तुम्ही?"

"मी? मी काय करणार?"

"चार वर्षांतलं तिसरं घर आहे हे. ईराची शाळा खालच्या रस्त्यावर. आता पुन्हा खोकी भरायला लावलीत ना, तर एका खोक्यात तुम्हालाच भरीन."

तिचे डोळे खरंच भरून आले होते. मला मात्र भाषणाची काळजी. हिंदीत आभार कसे मानायचे ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

रविवारी दहा वाजता मॅच ऐन भरात. दोन्हीकडे सारखे रन, शेवटचे दोन डाव बाकी. सोडून कसा जाणार? एका कानात कॉमेंटरी घातली, बॅट घेतली आणि अश्विनी-ईरासह सभेला गेलो. खाली मंडपात प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर समोसे, पलीकडे बन्सलजी आणि कमिटीची पाच माणसं. बाजूला गिल अंकल, मान खाली घालून. मी समोर बसलो, बॅट गुडघ्यांवर आडवी.

बन्सलजींनी घसा साफ केला. "डॉक्टर साब, पहले तो आप ये... ज़रा साइड में रख दीजिए."

"माफ कीजिए," मी नम्रपणे म्हणालो, "आज नहीं रख सकता. रख दिया तो बहुत नुकसान हो जाएगा."

बन्सलजींनी समोशांची थाळी माझ्याकडे सरकवली.

"हम... हम बैठकर बात कर लेते हैं जी."

"ज़रूर! बस थोड़ी देर रुकिए. पाँच तो हो चुके हैं, आज छठे की बारी है."

टेबलापलीकडे सहाच जण होते. सहाव्या खुर्चीवरच्या वर्माजींनी हळूच खुर्ची मागे घेतली. त्यांना चहा नको असेल, असं मला वाटलं.

आणि तेवढ्यात बसला! कुंपणापार, थेट प्रेक्षकांत! आपल्याकडचा षटकारच म्हणा, पण मोसमातला सगळ्यात लांब! मी ताडकन उठलो, "हाण! हाण त्याला! सोडू नको!" म्हणत बॅट गरागरा फिरवली. समोशांची थाळी उडाली. चटणी वर्माजींच्या कुर्त्यावर. वर्माजी लाल डाग बघून खुर्चीसकट मागे आडवे. बन्सलजी टेबलाखाली, आणि तिथून आवाज, "भाई साब, बाल-बच्चे वाले हैं! पार्किंग आपकी! विज़िटर पार्किंग भी आपकी!"

मी थांबलो. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अश्विनीने कपाळावर हात मारला होता.

"अंकल," ईरा पुढे आली, "पापा बेसबॉल देख रहे हैं."

"बेसबॉल?" टेबलाखालून बन्सलजींचं डोकं वर आलं. "बेसबॉल कौन देखता है? यहाँ बेसबॉल का बैट लोग गाड़ी में रखते हैं, झगड़े के लिए! खेलते हैं तो बॉल दिखाइए."

"बॉल... बॉल नहीं है," मी म्हणालो.

"दस्ताना?"

"मिला नहीं."

"सुन लो जी! बैट है, बॉल नहीं, दस्ताना नहीं, और कहते हैं खेल है! मकान मालिक ने कह दिया है, महीने के आखिर तक फ्लैट खाली."

मग डोक्यात एकदम उजेड पडला. तो दुकानदार, ती जीप, तो प्लंबर, तो एसयूव्हीवाला! लोकांचं प्रेम नव्हतं हो ते. भीती होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अश्विनी... ती वर आमच्या खिडकीकडे बघत होती. गेल्या महिन्यातच तिथे तिने नवे पडदे लावले होते. त्या क्षणी मला टीमही नको होती आणि सीझनही नको होता.

एवढ्यात गिल अंकल उठले. खिशातून चष्मा काढला. "इक मिनट. फोन दिखा."

मी फोन दिला. त्यांनी दुसऱ्या हाताने माझी बॅटही काढून घेतली. स्क्रीनकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ये तेरी टीम है?"

"हाँ जी."

"कब से?"

"पंद्रह साल."

"हर मैच देखता है?"

"हर मैच."

अंकल हसायला लागले. दाढी हलायला लागली, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. ते पुसत कमिटीकडे वळले. "ओ बन्सल, छोड़ दे बंदे को! मैं छह महीने कनाडा रहता हूँ बेटे के पास, पोते के साथ रोज़ बेसबॉल देखता हूँ. इस टीम को मैं जानता हूँ. जो बंदा पंद्रह साल से इसको देख रहा है, वो किसी को क्या मारेगा? ये तो खुद मार खाने का आदी है! इससे ज़्यादा सबर वाला किरायेदार पूरे चंडीगढ़-मोहाली में नहीं मिलेगा!"

सभा हसली. वर्माजीसुद्धा हसले, चटणीसकट. घर वाचलं!

"मग तुम्हाला कळलं कसं नाही, अंकल?" असं मी नंतर हिंदीत विचारलं.

"वहाँ बैट देखता तो पूछता, कितने रन बने," ते म्हणाले. "यहाँ बैट देखा तो जीप हटा ली. और पुत्तर, मोटे बंदे से मैं नहीं डरता. चुप बंदे से डरता हूँ."

सभेत ठराव झाला, बॅट सोसायटीच्या ऑफिसात जमा. आणि मॅच? अहो, अंकलनी माझ्या हातातून बॅट काढून घेतली ना, त्याच डावात समोरच्यांनी चार रन काढले. हरलो. त्यानंतर सलग सात हरलो.

पण आता एकटा हरत नाही. रोज सकाळी साडेसातला अंकल लोण्याचा डबा घेऊन येतात, माझ्या सोफ्यावर बसतात आणि आम्ही दोघं मिळून हरतो. खरं सांगू, पंधरा वर्षांत हरायला एवढी मजा कधी आली नव्हती.

फक्त एक झालं. जीप पुन्हा माझ्या जागेत! "तू तो अपना बंदा है," म्हणतात. अपन्या बंद्याला काय विचारायचं?

शेवटी परवा अश्विनीच म्हणाली, "ती बॅट परत आणा ऑफिसातून. टीमसाठी नाही, पार्किंगसाठी."

गेलो. बन्सलजींनी एका शब्दाने विचारलं नाही, टीमचा स्कोअर आठवून कीव येऊन बॅट दिली. मी जीपशेजारी जाऊन उभा राहिलो. चेहरा शक्य तेवढा भयंकर केला आणि दोनदा सणसणीत बॅट फिरवली.

वर माझ्याच बाल्कनीत अंकल माझ्याच कपातून चहा पीत उभे होते. तिथूनच ओरडले, "रहण दे पुत्तर, बाँह दुखेगी! अब तो सारी सोसायटी को पता है तू किस टीम का बंदा है! ऊपर आ जा, मैच शुरू हो गया. आज फिर हारना है!"

माझी गाडी बाहेर रस्त्यावर, धुळीतच राहिली. आणि जिना चढता चढता बॅट घट्ट धरली. हारना है म्हणे! अहो, अजून एप्रिलच चाललाय. यंदा नक्की!