तक्रारीचा कागद

माझी सून प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी कागद बनवते. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, कळमनुरीत झेरॉक्सचं दुकान असेल. तसं नव्हतं. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या लोकांपुढे सारखं काहीतरी नवीन अवजार येतं आणि ते शिकायला जाडं पुस्तक वाचायची कोणाची तयारी नसते. मग त्यातलं कामापुरतं एका पानावर उतरवून द्यायचं, टेबलापुढे चिकटवता येईल असं. याचा पगार मिळतो हे मला बरेच दिवस खरं वाटलं नाही.

लग्नानंतर ती पुण्यातच राहायची आणि महिन्यातून एकदा आमच्या गावी, डोंगरकड्याला यायची. माझा मुलगा इथली हळद सोडून जायला तयार नव्हता आणि ती काम सोडायला तयार नव्हती. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. शेवटी तिनं तिच्या साहेबांना विचारलं, गावाहून काम करू का. ते म्हणाले, एक कागद तिथून करून दाखवा. नवीन लागलेल्या पोरापोरींना तो उपयोगी पडला तर राहा तिकडेच. नाही पडला तर ऑफिसात येऊन बसा. मुदत महिन्याची.

ती आली ती नेमकी हळद शिजवायच्या दिवसांत. आमचं घर शेताला लागून आहे. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज येते म्हणून ती खोली तिला दिली. खिडकीतून हळदीचा कुकर दिसतो. कुकर म्हणजे स्वयंपाकाचा नव्हे. मोठाली पिंपं, मध्ये पाण्याची टाकी, खाली जाळ, आणि पाइपातून पिंपात वाफ.

आठवड्यात तिचा कागद झाला. तो घेऊन ती माझ्याकडे आली.

"आत्याबाई, बघा बरं कसा झालाय."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायची गरज नाही. नुसतं बघा."

मी चौथी शिकले. इंग्रजी येत नाही, पण ओळी मोजता येतात. चाळीसच्या वर होत्या. रंगीत चौकटी, चौकटीत चौकटी, बोट टेकवायला जागा नाही. तिच्या कॉम्प्युटरच्या कडेला मात्र एक चिठ्ठी चिकटवलेली होती, हातानं लिहिलेली, कोपरा तेलकट झालेला. तीवर सहा ओळी.

"हे काय हाय?"

"ते माझं. मी हेच शिकत होते तेव्हाचं."

"अजून लागते का ती?"

"रोज लागते."

"मग तुला सहा ओळी अन् लोकायला चाळीस, काहून? त्यायला डोकं जास्त हाय का?"

ती हसली, पण तिला लागलं. म्हणाली, "सगळं द्यावं लागतं, आत्याबाई. नाहीतर अर्धवट म्हणतात."

"कोण म्हणतं, शिकणारे का साहेब?"

तिनं तसाच तो कागद पाठवून दिला.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. कागद दिसायला छान आहे, सगळ्यांच्या टेबलापुढे लावलाय, पण बघत कोणी नाही. अडलं की पोरं शेजारच्यालाच विचारतात. असं असेल तर तुम्हीच इथं येऊन बसलेलं बरं, असंही बोलले. सून खोलीत गेली आणि दार लोटून बसली. माझा मुलगा त्या दारावरून तीनदा गेला आणि तीनदा पाणी पिऊन परत आला. त्याला मनातलं बोलता येत नाही, पहिल्यापासूनच.

समजूत घालणं मला जमत नाही. मी दार उघडलं आणि म्हटलं, "चल कुकरवर. इथं तोंड पाडून बसून काय होणार हाय?"

कुकरवर तांड्यावरच्या चार बाया होत्या. दोघी जुन्या, दोघी यंदाच आलेल्या. दरसाल एकदोन नवीन असतातच. सुरुवातीच्या वर्षांत मी नवीन बायकांना पहिल्याच दिवशी सगळं सांगायची. गड्डे वेगळे शिजवायचे, हळकुंडं वेगळी. गड्डा जाड, त्याला वेळ लागतो. हळकुंड बारीक, ते आधी शिजतं. एकत्र घातलं तर एक कच्चं राहतं नाहीतर दुसऱ्याचा गाळ होतो. समजलं का, म्हणून विचारलं की सगळ्या माना हलवायच्या. एका वर्षी जिनं सगळ्यात जास्त मान हलवली, तिनंच पिंपभर हळद एकत्र घातली आणि माझ्यापासून दोन दिवस लपवली.

तेव्हापासून मी समजलं का विचारणं बंद केलं. दुपारी माझी भाकर घेऊन बायांच्या पंगतीत जाऊन बसते. मालकीण मजुरांत जेवते म्हणून आमच्या भावकीत बोलणं झालं. होऊ दिलं. बाई आपली चूक मालकिणीला सांगत नाही, भाकर खाताना शेजारणीला सांगते. मला ती ऐकायची असते.

त्या दुपारी सून माझ्याशेजारी बसली. नवीनपैकी एक जण जुनीला म्हणाली, "मावशी, शिजलं का बघाया टोचली तर माझी काडी वरून जाते अन् मधी अडकते."

"मग ती हळद तुझ्या नवऱ्याला घाल. अजून वाफ दे की, बाई. काडी आरपार गेली पाहिजे."

"अन् हळकुंड फुटून राहिलं तर?"

"तर तू तवा कुणासंगं बोलत बसली व्हतीस ते सांग आधी."

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "फुटलं तर उशीर झाला. पुढच्या पिंपाला जाळ आधी वढायचा."

सुनेचा घास हातातच राहिला. म्हणाली, "आत्याबाई, हळद कशी शिजवायची असं यांच्यातलं कुणीच विचारत नाही."

"कशाला विचारतील? बिघडलेलं हातात घेऊन येतात अन् याचं काय करू म्हणतात."

ती अर्धी भाकर तशीच ठेवून उठली. मी ओरडले, पण ती गेली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता, पुण्यात डबे उघडतात त्या वेळी, तिनं ऑफिसातल्या एका नवीन मुलीला स्पीकरवर फोन लावला. मी दारात बसून लसूण सोलत होते. सुनेनं विचारलं, "काल काम करताना काय अडलं?"

"काही नाही मॅडम. सगळं छान आहे."

मी हातानं खूण केली, आधी तुझी चूक सांग. तिला कळलं. पहिल्या नोकरीत दुसऱ्या आठवड्यात तिनं तिघांचं दिवसभराचं काम पुसलं होतं आणि बाथरूममध्ये जाऊन रडली होती, ते तिनं सांगितलं. मलाही ते माहीत नव्हतं. मग ती मुलगी बोलायला लागली, तिनं आणखी दोघांना फोनजवळ बोलावलं, आणि माझा लसूण संपला तरी त्यांचं संपेना.

ते अवजार काय आहे हे मला तेव्हाच कळलं. एकाच प्रोग्रामवर दहा जण लिहितात. कोणाचं लिहिलेलं कोणावर चढू नये आणि जुनं हरवू नये, म्हणून ते. पोरांच्या तक्रारी अशा की मी केलेलं काम मलाच दिसेना. दुसऱ्याचं माझ्यावर चढलं. चुकून पुढं पाठवलं, आता मागं घेता येतं का. मी सुनेला म्हटलं, "हे तर वाटणी न झालेल्या वावरातलं भांडण हाय." ती म्हणाली, "बरोबर तेच आहे."

नवीन कागद दोन दिवसांत झाला. डाव्या बाजूला तक्रार, पोरांच्याच शब्दांत. उजव्या बाजूला इलाज, एकदोन ओळींचा. तक्रारी अकरा, आणि खाली निम्मं पान कोरं. वर तिनं लिहिलं होतं, घाबरू नका, तुमचं काम गेलेलं नाही. तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "खोड ते. घाबरलेल्याला घाबरू नको म्हणून काय उपयोग? इलाज सांग." तिनं खोडलं. कोरी जागा भरायची म्हणत होती, तीही मी भरू दिली नाही. त्यांची बारावी तक्रार ते कुठं लिहिणार?

साहेब फोनवर म्हणाले, "एवढंच? आधीचा जास्त पूर्ण होता."

"हो सर. म्हणूनच कोणी बघितला नाही. हा आठ दिवस राहू द्या."

सून अशी उलट बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

ते आठ दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. कुकरवर मदतीला आली आणि मोबाइल बघण्याच्या नादात एक पिंप जास्त शिजवलं. मी बोलले. सून आहे म्हणून सोडलं नाही.

आठव्या दिवशी त्या मुलीनं कागदाचा फोटो पाठवला. कोऱ्या जागेत वेगवेगळ्या अक्षरांत पाच तक्रारी लिहिल्या होत्या. सातव्या तक्रारीचा इलाज कोणीतरी खोडून दुरुस्त केला होता. सून एकदम खचली. "माझं चुकलं होतं, आत्याबाई. साहेब बघतील."

"पहिल्या कागदात चुका नव्हत्या का?"

"असतील."

"कुणी खोडल्या का?"

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सातवं दुरुस्त करून पाठवा म्हणाले, आणि पुढच्या अवजाराचा कागदही असाच करा. तिनं विचारलं, "इथूनच ना सर?" ते म्हणाले, "मग कुठून?"

मुलाला सांगितलं तर तो हो म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. पहिली हळद वाळून झाल्यावर ती घेऊन हिंगोलीला गेला आणि रिकाम्या टेम्पोत ऑफिसात असते तशी चाकांची खुर्ची घेऊन आला. इतके दिवस सून घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसत होती.

"आधी काहून न्हाई आणली?" मी विचारलं.

"राहती का न्हाई, माहीत नव्हतं."

सून खुर्चीत बसून म्हणाली, "पाठ फार दुखत होती."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुम्ही रोज विचारायचात, बरं हाय ना. मी हो म्हणायचे."

समजलं का विचारणं मी कुकरवरच बंद केलं होतं, घरात नाही. खुर्ची मात्र चांगली आहे. ती उठली की मी बसते.